टोबॅगोतली वरची खोली

यिशुन, सिंगापूर
८ जून

प्रिय रत्ना,

आपल्या होणाऱ्या व्याह्यांनी, शैलेंद्ररावांनी, आपल्याला फुकट दिलेल्या व्हिलाचा हिशेब आज बसून केला. भाडं त्यांचं, हे खरं. आपल्याकडून विमानाचं भाडं. दोन नव्या बॅगा, कारण जुन्या चांगल्या असल्या तरी 'त्यांच्या बॅगांशेजारी ठेवायच्या आहेत'. विहीणबाईंना पैठणी, व्याह्यांना सुका मेवा, होणाऱ्या सुनेला, ऋचाला, कानातलं. ते लोक परतफेड करणारच, म्हणून त्या परतफेडीला पुरून उरेल असं चांदीचं ताट. आणि तुला पोहायचा पोशाख, जो तू दुकानातून बाहेर पडायच्या आत पिशवीच्या तळाशी घातलास आणि ज्यात तुला समुद्रसुद्धा बघणार नाही. बेरीज आठ हजार डॉलरच्या वर गेली. एवढ्यात आपण पदरचं भाडं भरून शेजारच्या बिंतान बेटावर महिनाभर राहिलो असतो, आणि फेरीनं चहा थंड व्हायच्या आत पोचलो असतो. यात माझं रद्द झालेलं तिकीट धरलेलं नाही. ते धरायला घेतलं की पेन चालत नाही.

हे सगळं 'बालीला काय, आमच्या ऑफिसातली इंटर्न पोरंही जातात' या शैलेंद्ररावांच्या एका वाक्यामुळे. एका बेटावरून उठायचं, लंडनला विमान बदलायचं, दीड दिवसानं वेस्ट इंडीजमधल्या दुसऱ्या बेटावर उतरायचं, आणि म्हणायचं, वा, समुद्र!

मी आलो असतोच, तुला ठाऊक आहे. पण आपला माल बोटींवर पोचवणाऱ्या प्रकाशचं अपेंडिक्स नेमकं निघायच्या आदल्या दिवशी उठलं, आणि बंदरात तीन बोटी आपल्या कांदे-बटाट्यांची वाट बघत उभ्या आहेत. बोटीच्या कॅप्टनला तुम्ही अपेंडिक्स सांगा नाहीतर हार्ट अटॅक सांगा, तो म्हणतो, कोबी कुठे आहे?

तू एकटी गेलीस म्हणून पुन्हा एकदा लिहितो. ऋचानं त्या दिवशी आपल्या सोफ्यावर बसून, कप खाली ठेवून, आपल्या चौघांना जे सुनावलं तो स्वर माझ्या कानातून गेलेला नाही. 'तुम्ही चौघं दोन आठवडे एका घरात राहा. नो फायटिंग. भांडलात तर मी आणि प्रतीक रजिस्ट्रीत जाऊन सही करणार आणि तुम्हाला फोटो पाठवणार. आय ॲम सिरियस, लाह.' शेवटचं ते सिंगापुरी 'लाह' सोडलं तर पोरीचं चुकलेलं नाही. तिच्या चुलत बहिणीच्या, अदितीच्या लग्नात पहिल्या गाडीत कोणाचे आईबाप बसणार यावरून दोन्हीकडचे रुसले, ते अजून रुसलेलेच आहेत. अदितीच्या बाळाचं बारसं दोन हॉलमध्ये झालं. दोन नावांनी.

तुला आपल्या एकुलत्या एका पोराच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या आहेत. फोनवर फोटो बघून अंगठा दाखवायचा नाहीये. तेव्हा तोंड सांभाळ.

आणि फोन करू नकोस. इथे सकाळ तेव्हा तिथे रात्र, शिवाय तू हळू बोललीस तरी समोरच्या ब्लॉकमध्ये ऐकू जातं. मी बोटीवर फिटर होतो तेव्हा आपण पत्रंच लिहायचो की. तेव्हा मी पाण्यावर आणि तू घरी, आता उलट. कागदावर लिही, फोटो काढ, पाठव.

फ्रीजरमधले डबे तू चिठ्ठ्या लावलेल्या क्रमानेच खातो आहे. आमटी उत्तम.

तुझा,
रघुवीर


टोबॅगो
१० जून

अहो,

पोचलो. पाय अजून विमानात आहेत. हे पत्र तुमच्याकडे उशिरा येईल, कारण इंटरनेटचा डबा वरच्या खोलीत आहे आणि खाली फोटो जाता जात नाही.

व्हिला फारच सुंदर. पुढे पोहायचा हौद, त्याच्या पुढे समुद्र. एवढा समुद्र असताना हौद कशाला, ते मी विचारलं नाही. तोंड सांभाळलं. मिस मर्लिन म्हणून स्वयंपाकीण आहे, माझ्याहून थोडी मोठी असेल, आणि डेसमंड म्हणून माळी.

आता खरी गोष्ट. झोपायच्या खोल्या पाच. प्रतीक आणि ऋचानं आपापली खोली पकडली आणि दारं लावली. उरल्या तीन. वर एक मास्टर बेडरूम, तिला तिन्ही बाजूंनी समुद्र. खाली पाण्याच्या पंपाला लागून एक खोली, दोन सुटे पलंग. आणि एक लहान मुलांची खोली, एकावर एक पलंगवाली.

नीताताई जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, 'रत्नाताई, वरची तुमची.'

म्हटलं, 'छे हो! मी एकटी. एवढ्या पलंगावर मी सापडायची नाही. तुम्ही दोघं घ्या.'

'असं कसं? तुम्ही मुलाकडच्या.'

'आणि तुम्ही एवढा व्हिला घेतलात ते?'

'म्हणून तर पाहुण्यांना आधी.'

'पाहुणी कसली? आता घरचीच ना मी?'

'घरच्या आहात तर मग ऐका माझं!'

शैलेंद्रराव बॅग घेऊन मध्येच उभे. मी बोलले की दोन पायऱ्या वर, त्या बोलल्या की दोन पायऱ्या खाली. शेवटी त्यांनी बॅग पंपाच्या खोलीत ठेवली आणि म्हणाले, 'आम्हाला पंपाचा आवाज आवडतो.' मग मी काय करणार? मी मुलांच्या खोलीत गेले. खालच्या पलंगावर झोपते. वरची फळी नाकाला लागते.

म्हणजे सगळ्यात चांगली खोली रिकामी आहे. तुमचे दोन सदरे आणि सँडल माझ्याच बॅगेत आले होते, ते वर नेऊन ठेवले. बरोबर आणलेले देवही तिथेच मांडले. पूर्वेची खिडकी, कोणाचा वावर नाही, सोवळ्याची जागा. सकाळी दिवा लावते, नैवेद्याची वाटी ठेवते.

भांडण नाही. काळजी नको.

रत्ना


यिशुन
११ जून

प्रिय रत्ना,

भांडण नाही म्हणतेस, पण दारूगोळ्याची पेटी भरून ठेवली आहेस आणि वर दिवा लावते आहेस.

अगं, देव कशाला मांडलेस तिथे? खोली नुसती रिकामी होती तोवर चौथ्या दिवशी कोणीतरी 'कंबर दुखते हो' म्हणून सहज वर गेलं असतं. आता तू देव बसवलेस. म्हणजे खोलीला कुलूप घातलंस, आणि किल्ली गणपतीकडे. विहीणबाईंना काय वाटलं असेल? मला घ्यायची नव्हती म्हणून कोणालाच नको, असंच ना?

बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डोत राहणारी माणसं आहेत ती. आपल्यासारखी बोलून मोकळी होणारी नाहीत. त्यांचा राग आधी अतिशय गोड होतो, मग मोठ्या हॉटेलात राहायला जातो. नीताताई तुझ्याशी कशा बोलतात ते शब्दाला शब्द लिही. तिथे माझे कान तूच आहेस.

डबे वेळेवर खातो आहे. आज उसळ.

रघुवीर


टोबॅगो
१३ जून

अहो,

नीताताई माझ्याशी फारच चांगलं बोलतात. मला भीती वाटायला लागली आहे.

काल सकाळी त्या ऋचाला सांगत होत्या, मी जिन्याखाली होते, 'देवाचं नाव पुढे करून खोली अडवली. आता उघड्या डोळ्यांनी बघत बसायचं. अशाने मी हॉटेलातच जाते बाई.' तुमचंच लिहिणं खरं झालं. ऋचा म्हणाली, 'ममा, दॅट्स वन. आणखी एकदा झालं की रजिस्ट्री.' प्रतीकला विचारलं, आता काय करू रे? तर म्हणतो, 'चिल, लाह.' त्याला काय, त्याला समुद्र दिसतो खिडकीतून.

त्यात एक वेगळंच झालं आहे. शांतपणे वाचा.

काल दुपारी पाच-सहा बायका आल्या. डोक्यावर छान टोप्या, हातात नारळ घातलेला गोड पाव. मिस मर्लिनच्या चर्चमधल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, डोळे मिटले आणि गाणं म्हटलं. काय आवाज हो! मला वाटलं, गावात नवीन माणूस आलं की इथे असं स्वागत करत असतील. किती चांगली माणसं. म्हणून मीही उलट आरती म्हटली. नीताताईंनी सगळ्यांना चिवडा दिला. एक बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मलाही रडू आलं, घरची आठवण येत होतीच.

संध्याकाळी प्रतीकनं डेसमंडला विचारलं, हे काय होतं? तेव्हा कळलं. मिस मर्लिन रोज वरची खोली झाडते. तिला काय दिसतं? सगळ्यात उत्तम खोली, पण एकही माणूस तिथे झोपत नाही. पुरुषाचे सदरे घडी करून ठेवलेले. सँडल पलंगाखाली जोडीनं. समोर दिवा, फुलं, आणि वाटीत शिरा. आणि मी रोज एकटी तिथे हात जोडून उभी.

अहो, इथे तुम्ही वारलात.

मी लगेच खरं सांगणार होते. पण सांगायचं कसं? बायका रडल्या होत्या. आणि तो पाव आम्ही संपवला होता. तुम्ही फार चांगले गृहस्थ होतात असं गावात ठरलं आहे.

अजून आहे. डेसमंड म्हणतो, अंधार पडल्यावर त्या खोलीतून पुरुषाचा आवाज येतो. इंग्रजी बोलतो, आणि रागावून. दोन-तीनदा ऐकला म्हणे. त्याच्या मते तुम्ही परत आला आहात. मला घाम फुटला. नीताताईंचा तर चेहराच उतरला. म्हणाल्या, 'वारा असेल,' आणि लगेच विषय बदलून भेंडीवर आल्या.

इथल्या कुर्ल्या मोठ्या आहेत. मिस मर्लिन त्या नारळाच्या रसात करते, त्यात कणकेचे चपटे गोळे सोडते. वास घरभर येतो. पण नीताताई शाकाहारी, त्यांच्यासमोर कसं खायचं? मी 'मलाही नको' म्हणाले.

दिवा लावू की नको ते कळवा.

रत्ना


यिशुन
१४ जून

प्रिय रत्ना,

स्वर्गवासी माणसाचं पत्र आहे, जरा आदरानं वाच.

मी वारलो हे वाचून मला बरं वाटलं. जिवंतपणी कोणी आपल्याला चांगला गृहस्थ ठरवत नाही. आज कोपीटियममध्ये निशिकांतला सांगितलं, तर त्यानं कॉफीचे पैसे दिले. ओळखीला पंधरा वर्षं झाली, पहिल्यांदाच.

आता भुताचं बघू. अगं, मी मेल्यावर रागावून इंग्रजीत कशाला बोलेन? मी जिवंतपणी तरी मालवणीशिवाय कोणत्या भाषेत रागावलो आहे? तूच लिहिलंस, इंटरनेटचा डबा वरच्या खोलीत आहे. आणि तिथे अंधार पडतो तेव्हा इथे सकाळ होते. सकाळी चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकांत काय चालू होतं? मीटिंगा. बँकेचा कोण साहेब तुमच्या व्हिलात उतरला आहे, ते मी सांगायला नको. आमचे व्याही रोज गुपचूप वर जातात, गणपतीसमोर बसतात आणि सिंगापूरच्या माणसांना झापतात. नीताताईंचा चेहरा उतरला तो भुताला घाबरून नाही. आपला नवरा पकडला जाईल म्हणून.

म्हणजे त्यांना ती खोली हवी आहे. खरं तर तिची गरज आहे. पण स्वतःच नको म्हणून बसले, आता मागतील कशी? आणि तू तरी, त्या फळीला नाक लावून झोपणारी, तुला नको आहे का?

आता ऐक. यातलं त्यांना काही कळलं आहे असं दाखवू नकोस. दाखवलंस की हॉटेल, आणि हॉटेल म्हणजे रजिस्ट्री. आणि पुन्हा 'तुम्ही घ्या' असंही म्हणू नकोस. माणसाला मान दिला की तो दोन पावलं मागे सरतो. काम सांगितलं की पुढे येतो. मी फिटरचा मालक झालो तो याच एका गोष्टीवर. कॅप्टनला 'साहेब, आधी तुम्ही बसा' म्हटलं की अर्धा तास गेला. 'साहेब, जरा ही पिशवी धरा' म्हटलं की आत. तू त्यांना सांग, देवापाशी दिवा रात्रभर असतो, वर कोणी नसेल तर मला झोप येत नाही, माझे गुडघे जिना चढत नाहीत, तेवढी एक जबाबदारी घ्या. बघ, बॅग घेऊन धावत जातील.

या 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' मध्ये मला आजवर कोणी अडकवू शकलेला नाही. शिकून घे.

दिवा लाव. माझ्यासाठी शिऱ्यात बेदाणे जास्त घाल.

रघुवीर


टोबॅगो
१६ जून

अहो,

तुम्ही सांगितलं तसंच केलं. सगळं छान आहे. वरची खोली लागली. जास्त लिहीत नाही, नीता खाली हाका मारते आहे, आम्हाला पाण्यात जायचं आहे. पोशाख घातला.

रत्ना


यिशुन
१७ जून

रत्ना,

संसार झाला आपला एवढा, 'सगळं छान आहे' हे तू दोनदाच लिहिलं आहेस. एकदा मी ब्राझीलच्या वाटेवर असताना, तेव्हा घरात चोरी झाली होती. आणि आता.

माझे कान इथून उभे आहेत. 'नीताताई' ची 'नीता' कधी झाली? खोली 'लागली' म्हणजे कोणाला लागली? पोशाख कोणासमोर घातला?

आणि हे काय? सकाळी शैलेंद्ररावांचा मेसेज: 'अर्जंट परत निघतो आहे. एकटाच. भेटल्यावर बोलू.' दोन आठवडे पुरे व्हायच्या आत एक व्याही पळाला! भांडण झालं ना? मी सांगितलेलं काम करताना तू काहीतरी जास्तीचं बोललीस. 'मीटिंग' हा शब्द तोंडातून गेला का? खरं सांग. तुला वाईट वाटेल म्हणून मी रागावणार नाही, पण ऋचा काय म्हणते ते आधी लिही. रजिस्ट्रीत नाव घातलं का पोरांनी?

मी डिसेंबरसाठी पाहून ठेवलेल्या हॉलवाल्याला अजून काही बोललेलो नाही. बोटीला कांदे पाठवायचे होते, तिथे लसूण गेला. डोकं ठिकाणावर नाही.

रघुवीर


टोबॅगो
१८ जून

अहो,

आधी पाणी प्या. भांडण झालेलं नाही.

तुमची युक्ती मी शब्दाला शब्द वापरली. दिवा, गुडघे, जबाबदारी, सगळं. शैलेंद्ररावांनी बॅग उचललीसुद्धा. तेवढ्यात नीता म्हणाली, 'देवाच्या खोलीत आम्ही नवरा-बायकोनं झोपायचं? मुळीच नाही. रत्नाताई, मी झोपते एकटी दिव्यापाशी.' मग मी म्हटलं, 'तुम्ही एकट्या वर आणि मी खाली आरामात? मीही येते.' झालं. आम्ही दोघी वर. शैलेंद्ररावांना पंपाचा आवाज खरंच आवडत नव्हता, ते माझ्या जागी मुलांच्या खोलीत गेले. वरच्या पलंगावर. खाली उतरताना प्रतीकला हाक मारायचे.

त्या रात्री दिवा मंद केला आणि पाठी टेकल्या. मग नीता म्हणाली, 'एक सांगू? डेसमंडचं भूत म्हणजे आमचे हे.' म्हटलं, मला माहीत आहे. 'कधीपासून?' म्हटलं, आमच्या स्वर्गवासींनी सिंगापूरहून कळवलं. अहो, ती एवढी हसली की ऋचा धावत वर आली, तिला वाटलं आम्ही भांडतो आहोत.

मग सगळंच निघालं. तिला तुमच्या पैठणीचा रंग आवडलेला नाही. मला तिनं दिलेल्या साडीचा आवडलेला नाही. बदलून घेतल्या. मी कुर्ल्यांचं सांगितलं. म्हणाली, 'अगं, खा की! मी काय कुर्ल्यांची नातेवाईक आहे?' दुसऱ्या दिवशी मी मिस मर्लिनच्या टेबलाशी बसून सहा खाल्ल्या, आणि नीता समोर बसून मला सोलून द्यायला शिकली. नाक मुरडत, पण शिकली.

मिस मर्लिनला खरं सांगून टाकलं. फोनवर तुमचा फोटो दाखवला, नेमका तो तोंडाला टूथपेस्ट लागलेला. तिनं कपाळाला हात लावला, मग पोट धरून हसली. चर्चच्या बायकांना आता तुम्ही जिवंत आहात म्हणून पुन्हा पाव घेऊन यायचं आहे.

शैलेंद्ररावांना बँकेनं खरंच बोलावलं. कोणीतरी मोठा साहेब येतो आहे, त्याच्यासमोर बसायला माणूस हवा. ते रागावून गेले नाहीत. उलट म्हणाले, आता सपाट पलंगावर झोपेन.

आणि आम्ही दोघींनी एक ठरवलं आहे, तुम्हाला आवडो न आवडो. लग्नात मानपान नाही. पहिली गाडी नाही, दुसरी गाडी नाही. एक बस करायची, आणि जो आधी चढेल तो खिडकीपाशी.

आता ऋचाचं. तिनं आम्हा दोघींना पास केलं. पण म्हणाली, 'अंकल आणि डॅडी एका घरात राहिलेच नाहीत. ते दोघं अजून टेस्ट झाले नाहीत. डॅडी सिंगापूरला जातातच आहेत, तर यिशुनला जाऊन अंकलकडे एक संध्याकाळ बसू देत. मग मी डिसाइड करते.' प्रतीकनं समजावून बघितलं, ती ऐकत नाही. म्हणजे आता सगळं तुमच्यावर आहे. आम्ही दोघींनी एवढं जमवलेलं तुम्ही दोघांनी एका संध्याकाळी घालवू नका. मला मांडवात उभं राहायचं आहे हो. बाकी काही नको मला.

ता. क. शेजारच्या मिसेस लिमनी काल फोटो पाठवला. तुम्ही कोपीटियममध्ये, समोर चिकन राईस. डबे सगळे तसेच असणार. आल्यावर बघते.

रत्ना


यिशुन
२० जून

प्रिय रत्ना,

शैलेंद्रराव काल संध्याकाळी येऊन गेले. निर्धास्त राहा, पेपर उत्तम गेला.

मी आधीच ठरवलं होतं, या माणसाला मान म्हणून द्यायचा नाही. 'या, बसा' नाही. दारातच त्यांच्या हातात लसणाची गड्डी दिली, म्हटलं, सोला. जरा बघत राहिले, मग टाय सैल केला आणि सोलायला बसले. बँकेचा एवढा मोठा माणूस, पण लसूण सोलायची त्यांची पद्धत अशी की मला हसू आवरेना. मग मी पिठलं केलं, त्यांनी ढवळलं. त्यात गुठळ्या झाल्या. त्या त्यांच्या. तुझ्या डब्यांतली उसळ काढली, दोघांनी एक डबा संपवला, तेव्हा तो फोटो विसर.

जेवताना तो माणूस मोकळा झाला. म्हणाला, 'रघुवीरराव, ती वरची खोली मला हवी होती हो. पहिल्याच मिनिटाला. पण बायको तुमच्या मंडळींना देऊन बसली.' म्हटलं, 'माझ्या मंडळींनाही हवी होती.' दोघांनी पुन्हा पिठलं वाढून घेतलं. मग म्हणाले, 'टोबॅगोत मी तुमचं भूत झालो होतो.' म्हटलं, 'झालात तर झालात, पण इंग्रजीत कशाला?' घरी कोणाशी एवढं बोललो नव्हतो मी इतक्या दिवसांत.

अक्षतांना कोणाला आधी बोलवायचं, आशीर्वाद कोणी आधी द्यायचा, कोणी कोणाच्या पाया पडायचं, सगळं बोललो. एकही शब्द वर-खाली झाला नाही. मी त्यांना खाली घ्यायला गेलो होतो. गेटपासून आपल्या दारापर्यंत, आणि दारापासून ताटापर्यंत, 'तुम्ही आधी' हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही. तुला मी लिहिलंच होतं, या बाबतीत मला कोणी अडकवू शकत नाही. ऋचाला सांग, अंकलना शंभरपैकी शंभर.

पाय जरा दुखताहेत. हवा बदलली असेल.

रघुवीर


टोबॅगो
२१ जून

अहो,

उद्या निघतो. मिस मर्लिननं वाटेसाठी पाव बांधून दिला आहे आणि 'यू टेक केअर ऑफ दॅट हजबंड' म्हणून मला दम दिला आहे. नीता हौदाशी बसून रडते आहे, म्हणते सिंगापूरला गेल्यावर बुकित तिमाह आणि यिशुन किती लांब! मी म्हटलं, अर्ध्या तासाचा रस्ता आहे बाई, टोबॅगोहून बरा.

आता निकाल. ऋचानं काल रात्री डॅडींना फोन केला, स्पीकरवर. सगळं नीट ऐकून घेतलं. आधी हसली, मग आणखी हसली, मग प्रतीकच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत बसली. मग उठून माझ्या पाया पडली. म्हणाली, 'आंटी, डिसेंबर. विथ मांडव. अंकलना म्हणावं, हॉलवाल्याला सांगा.' मी वर जाऊन दिव्यापाशी बसले थोडा वेळ. नीता आली, तीही बसली. आता लिहिताना पुन्हा डोळे भरून येताहेत, म्हणून अक्षर असं.

पण तुम्हाला शंभर नाहीत. चाळीस दिलेत. काठावर पास. म्हणाली, 'दोघं भांडत नाहीत, हे प्रूव्ह झालं. बाकी काही झालं नाही.'

तुम्ही लिहिलं नाहीत ते शैलेंद्ररावांनी सांगितलं. खाली लिफ्टचं दार उघडलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'या, तुम्ही मुलीकडचे.' ते म्हणाले, 'छे, तुमचं घर, तुम्ही.' दार लागलं. लिफ्ट रिकामी गेली. खाली आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मिसेस लिम भाजीची पिशवी घेऊन आल्या, तुम्हा दोघांच्या मधून आत गेल्या, दार धरून उभ्या राहिल्या, मग कंटाळून एकट्याच वर गेल्या. शेवटी तुम्हीच म्हणालात म्हणे, जिना रुंद आहे, दोघं शेजारी-शेजारी चढू.

आपण अकराव्या मजल्यावर राहतो.

रत्ना